जेवतात का त्यात?

मंचरच्या पुखराजशेठना कुठलाही पिच्चर सुचवा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "जेवतात का त्यात?"

नट कोण, गाणी किती, शेवट गोड की कडू, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. पिच्चरमध्ये कुणीतरी नीट बसून, पोटभर जेवलं पाहिजे. नाहीतर तो पिच्चर बाद.

शेठचं बाजारात भांड्यांचं दुकान आहे. घराणं राजस्थानातून आलेलं, पण शेठ बोलायला लागले की पक्के इथले. जैन असल्यामुळे जेवण दिवस मावळायच्या आत. रोज संध्याकाळी पाचला ते मोबाइल एका कुकरला टेकवून उभा करतात, पुढ्यात डबा ठेवतात आणि पिच्चर लावतात. त्या वेळी आलेल्या गिऱ्हाइकानं आवाज न करता भांडी बघायची. आवाजाला बंदी असल्यासारखं आपण वाट्या हलक्या हातानं उचलतो आणि ठेवतो.

मी अवसरीला शिकवतो. एकदा कुकरची शिट्टी घ्यायला गेलो आणि शेठच्या तावडीत सापडलो. समोर भुताचा पिच्चर चालू होता.

"मास्तर, भूत जेवत नाय, ते समजलं," शेठ म्हणाले. "पण ही पाच माणसं सकाळपास्नं ह्या बंगल्यात हायेत. ह्यांनी काय खाल्लं? उपाशी माणसाला भूत दिसणारच की."

तेव्हापासून मी त्यांचा शिष्य झालो. पोलिसी पिच्चरबद्दल त्यांचं म्हणणं, "हा साहेब नुसता चहा पितो. ह्याला पित्त व्हणार. हा काय चोर पकडतोय." गुंडांच्या पिच्चरवर त्यांचा विशेष राग. "ताट टाकून गोळीबार करायला उठतात. अन्नाला पाठ दावली, ह्यांचं भलं व्हणार नाय." आणि शेवटी सगळे गुंड मेले की शेठना तो न्याय वाटतो. अंतराळातल्या पिच्चरमध्ये माणसं ट्यूब पिळून खायला लागली तेव्हा त्यांनी मोबाइल पालथाच घातला. प्रेमाच्या पिच्चरमध्ये जोडपं मेणबत्ती लावून जेवायला बसलं की ते घाईनं पुढं ढकलतात. शेठना प्रणय सोसत नाही, असं मी समजत होतो.

ज्या पिच्चरना आम्ही शिकलेले लोकसुद्धा 'संथ आहे' म्हणत हळूच बंद करतो, ते मात्र शेठचे लाडके. कुठल्या तरी परमुलखातला, कुणी चार मित्रांनी पदरमोड करून काढलेला पिच्चर मी त्यांना दिला होता. दुसऱ्या दिवशी शेठ खूश. "लई झ्याक. एक बाई बटाटा सोलत व्हती. बटाटा आपल्याला चालत नाय, पण सोलला लई मनापास्नं. मग बसून सगळं खाल्लं तिनं, शेवटच्या घासापोतर. त्या पिच्चरवाल्याला माझा नमस्कार सांगा."

नमस्कार कसा पोचवायचा ते मला कळलं नाही. पण मला चेव चढला आणि मीच एक पिच्चर काढला. आणे गावाच्या पठारावर एकटा राहणारा म्हातारा, त्याची शेळी आणि वारा, एवढंच त्यात. म्हाताऱ्याचं काम पिंपरी पेंढारच्या माझ्या मामांनी केलं.

"जेवतो का म्हातारा?" शेठनी विचारलं.

"अख्खं जेवण आहे, शेठ."

"मग मी येणार."

एका मंगल कार्यालयात तो दाखवायचं ठरलं. दुपारचं लग्न आटपेना, नवरानवरीचे फोटो संपेनात, त्यामुळे सुरुवातीलाच साडेपाच झाले. म्हातारा पहिल्यांदा पठारावर नजर टाकतो तोवर निम्मे लोक उठले. शेळी बसली तेव्हा बाकीचे गेले. माझे सख्खे मित्र फोन आल्याचं दाखवत, वाकून बाहेर पडले. संपल्यावर दिवे लागले तेव्हा रिकाम्या खुर्च्यांत एकटे पुखराजशेठ बसलेले, मांडीवर डबा. मला भरून आलं. त्या दिवशी तेही गेले असते तर मी पुन्हा कॅमेऱ्याला हात लावला नसता.

"झ्याक हाय," ते म्हणाले. "मामा लई गुणाचा माणूस."

मी डबा उचलायला गेलो. तो भरलेला होता. बाहेर अंधार पडला होता. म्हणजे आता उद्या सकाळपर्यंत शेठ उपाशी.

"शेठ, जेवला का नाहीत?"

"तुमचा म्हातारा कंदील लावून जेवला, मास्तर. त्याची रात्र झाल्यावर मी कसा जेवू?" त्यांनी डबा मांडीवर जवळ ओढून घेतला. "ही गेल्यापास्नं एकट्याला घास उतरत नाय बघा. समोर कुणी जेवत असलं की जेवतो मी. त्याच्याबरुबर सुरू करायचं, त्याच्याबरुबर संपवायचं. तुमी जेवण हाय म्हणाला, म्हणून डबा आणला व्हता."

कंदिलाच्या उजेडावर मी किती खूश होतो.

पुढच्याच रविवारी मी मामांना घेऊन पुन्हा आण्याला गेलो. "मागं चांगला जेवलो की, त्यात काय वंगाळ व्हतं?" मामा कुरकुरले. तरी भर उन्हात, बाभळीखाली, भाकरी-पिठलं घेऊन बसले. मी त्यांना बजावलं होतं, कॅमेऱ्याकडं बघायचं नाही. दोन घास ते गुणी नटासारखे जेवले. तिसऱ्याला त्यांना राहवेना. समोर मी उपाशी उभा, आणि ते एकटे खातायत. त्यांनी चतकोर मोडली, थेट कॅमेऱ्यापुढं धरली आणि म्हणाले, "घ्या पावणं."

असं चित्रण कुणीही कापून टाकलं असतं. मी ठेवलं.

सोमवारी पाचला मी शेठच्या दुकानात गेलो. त्यांनी मोबाइल कुकरला टेकवला, डबा उघडला. मामांनी पहिला घास घेतला, शेठनी घेतला. मामांच्या ताटात कांदा होता, तिकडं शेठनी दुर्लक्ष केलं. मामा पाणी प्यायले तेव्हा शेठही थांबले. मी कोपऱ्यात एक पातेलं धरून, न वाजवता उभा होतो.

मग मामांनी चतकोर पुढं केली. "घ्या पावणं."

शेठचा हात डब्यात थांबला. ते मोबाइलकडं बघत राहिले. मग त्यांनी डबा जरासा वर उचलून मामांना दाखवला.

"वाढलंय मला," ते हळूच म्हणाले. "तुमी जेवा सावकाश. बसलोय मी."