सर, पट्टी आणि पाच मिलिमीटर

"चौतीस वर्षं भूमिती शिकवलीय मी. माझ्या मापात चूक निघणार नाही!"

शुक्रवारी सकाळी हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन सरांनी ही घोषणा केली. ऐकायला एकटी बायको होती, पण आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाईल एवढा होता. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी सरांचा शेवटचा बाक काही सुटला नव्हता.

"पण गाडीला झालंय काय?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

"मग उघडताय कशाला?"

"काही होण्याआधीच उघडायचं असतं!"

ती जाताना चहाचा कप त्यांच्या हाताच्या टप्प्यातून उचलून घेऊन गेली, कारण मागच्या वेळी सरांनी त्यात नट बुडवून ठेवले होते.

गाडी मूळची सासरेबुवांची. हिरवी, गोल दिव्यांची, आणि सरांच्या लग्नापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. सासरेबुवा आणि त्यांचा जिवलग मित्र, दोघांनी निम्मी-निम्मी मिळून ती घेतली होती. तेव्हापासून त्या मित्राला सगळे अर्धेराव म्हणत. पुढे दोन्ही अर्धी मिळून गाडी जावयाकडे आली. किल्ली देताना सासरेबुवांनी एकच वाक्य सांगितलं होतं, "जावईबापू, चालवा, पण उघडू नका."

आता अर्धेराव टेकडीवर लेकीकडे राहत होते आणि शनिवारी दुपारी दोन वाजता कायमचे दूरच्या मुलाकडे निघणार होते. वय सत्याऐंशी. पुन्हा भेट होईल अशी आशा कोणी धरत नव्हतं, ते दोघे मित्र तर मुळीच नाही. अर्धेरावांनी निरोप धाडला होता, "जाण्याआधी एकदा आपल्या गाडीत बसव." सासरेबुवांनी बुधवारीच कोट इस्त्री करून खुंटीला लावला होता.

म्हणजे गाडी शनिवारी बारापर्यंत टेकडीवर पोचलीच पाहिजे. आणि एवढ्यासाठीच सरांनी शुक्रवारी कार्बुरेटर उघडला!

कार्बुरेटरच्या पोटात पितळेचा एक पोकळ डबा असतो, त्याला फ्लोट म्हणतात. संडासाच्या टाकीतला गोळा पाण्यावर तरंगतो तसा हा पेट्रोलवर तरंगतो. पेट्रोल भरलं की वर येतो आणि सुई दाबून वाट बंद करतो. गाडीच्या जुन्या पुस्तिकेत लिहिलं होतं की झाकण उलटं धरलं असता झाकण आणि फ्लोट यांतलं अंतर पंधरा मिलिमीटर असावं. मिलिमीटर हा शब्द वाचला आणि सरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

त्यांनी टेबलाच्या खणातून आपली शाळेतली पारदर्शक पट्टी काढली. हीच ती पट्टी, जी फळ्यावर आपटून ते पिढ्यानपिढ्या ओरडले होते, "मोजणी शून्यापासून! काठापासून नाही!" पाच स्क्रू काढून झाकण उलटं ठेवलं, त्यावर पट्टी काटकोनात उभी केली, एक डोळा मिटला आणि किंचाळले, "अगं, बाहेर ये! दहा!"

"दहा काय? वाजले?"

"दहा मिलिमीटर! पंधरा पाहिजे तिथे दहा! पाच मिलिमीटरची चूक घेऊन ही गाडी इतकी वर्षं फिरतेय!"

"फिरतेय ना?" बायको म्हणाली.

पण सर कुठले ऐकतात! ही चूक कोणाची ते त्यांना लगेच कळलं होतं. गाडीचं सगळं काम कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे होई. मिस्त्री सरांचाच विद्यार्थी, आणि भूमितीत सदा नापास. 'पट्टी धरता आली नाही म्हणून पाना धरला' हा विनोद सर त्याच्या तोंडावर करत, आणि तोही बिचारा दर वेळी हसत असे.

फ्लोटला एक बारीक पितळी जिभली असते. ती वाकवली की अंतर बदलतं. सरांनी ती नाकातल्या केसाला हात घालावा इतक्या जपून वाकवली. मोजलं. बारा. पुन्हा वाकवली. चौदा. तिसऱ्या खेपेला पंधरा! अगदी रेघेवर! मग मिस्त्रीला फोन लावला.

"पाच मिलिमीटर!" सर म्हणाले. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"कसले सर?"

"तुझ्या चुकीचे! फ्लोट दहावर होता. मी पंधरावर आणला."

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. "सर, गाडी चांगली चालत होती ना? होतं तसं परत करून ठेवा. उद्या आजोबांना टेकडीवर न्यायचंय तुम्हाला."

"सातवीत जी तुझी भूमिती होती, तीच आजही आहे!" असं म्हणून सरांनी फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत ही पाच मिलिमीटरची गोष्ट न्हाव्याला, औषधवाल्याला आणि जिन्यात भेटलेल्या वीजमीटरवाल्यालाही कळली होती. मीटरवाला तर आपलंच काही चुकलं असं समजून पुन्हा आकडे बघायला गेला.

शनिवारी साडेदहाला निघाले. पुढे सर आणि बायको, मागे कोट घातलेले सासरेबुवा. त्यांच्या मांडीवर एक फोटो होता. गाडी घेतली त्या दिवशी दोघे मित्र तिच्या दोन बाजूंना उभे, जणू मधे नवरी आहे. सपाट रस्त्यावर गाडी अशी गुणगुणत चालली की सरांना राहवेना.

"आवाज ऐकलात बाबा? पंधरा मिलिमीटर!"

"काय?" सासरेबुवांना कमी ऐकू येई.

"काही नाही," बायको म्हणाली. "बढाई आहे."

मग टेकडीचा चढ लागला. अर्धा फर्लांग गेली असेल नसेल, गाडीने दोन आचके दिले, एक उसासा टाकला आणि बंद पडली. सरांनी किल्ली फिरवली. दोन मिनिटांनी सुरू झाली, वीस पावलं गेली, पुन्हा बंद. पुन्हा दोन मिनिटं, पुन्हा वीस पावलं!

"पेट्रोलमध्ये कचरा असणार," सर खाली उतरून म्हणाले. पेट्रोलची नळी काढून तोंडाने फुंकायला गेले आणि चुकून पेट्रोल तोंडात ओढलं. पुढची पाच मिनिटं त्यांना कोणाशीच बोलता आलं नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण बायकोने अशी शांतता पहिल्यांदाच अनुभवली.

मग प्लग काढले, पुसले, बसवले. वीस पावलं. मग सरांना एक युक्ती सुचली. गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढवायची! खालून येणाऱ्या पावाच्या टेम्पोने हॉर्न वाजवला, त्याच्या मागच्या टॅक्सीने वाजवला, आणि पुढच्या काचेतून सासरेबुवांनी टेम्पोवाल्याला ओळखीचा समजून हात हलवला.

"आपण परत चाललो का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा, तिकडेच चाललोय. तोंड फक्त इकडे आहे."

रिव्हर्समध्येही वीस पावलंच. पावणेबारा वाजले. सरांनी शेवटी रस्त्याकडेला झाकण उघडून पुन्हा पट्टी लावली. पंधरा! तसूभर फरक नाही! माप बरोबर, गाडी चूक. उभ्या आयुष्यात असं प्रमेय त्यांनी पाहिलं नव्हतं.

मागून सासरेबुवांचा आवाज आला. ते रागावले नव्हते, आणि तेच वाईट होतं. "जावईबापू, हा चढ ही गाडी आम्हा दोघांना घेऊन शंभरदा चढलीय. काल काय केलंत तुम्ही?"

सासरेबुवांच्या मांडीवरच्या फोटोकडे सरांना बघवेना. आपल्या शहाणपणापायी दोन म्हाताऱ्यांची शेवटची भेट हुकणार, आणि जन्मभर तेच आठवत राहणार. त्यांनी फोन बायकोपुढे धरला. "मिस्त्रीला जरा तूच..."

"काल तुम्हीच केला होता ना?" ती म्हणाली. "आजही तुम्हीच करा."

सरांनी फोन लावला. "मिस्त्री... जरा येतोस का रे?" हा आवाज पहिल्या बाकापर्यंतही गेला नसता.

मिस्त्री पंधरा मिनिटांत स्कूटरवरून आला. काही विचारलं नाही की टोचून बोलला नाही. त्याने झाकण उलटं केलं आणि खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्याला दोऱ्याने एक गुळगुळीत लाकडी ठोकळा बांधलेला होता. तो फ्लोटच्या खाली सरकवला तर वर पोकळी राहिली. त्याने जिभली वाकवली, ठोकळा बरोब्बर बसला.

"झालं सर."

"झालं? आणि माप?"

"हा ठोकळा पंधराचा आहे."

सरांमधला मास्तर, मेला मेला म्हणताना, उठून बसला. त्यांनी पट्टी उभी केली. "दहा! बघ! तुझा ठोकळाच चुकलाय!"

मिस्त्रीने चिंधीला हात पुसले, पट्टी घेतली आणि तिच्या टोकाला अंगठ्याचं नख टेकवलं. "सर, शून्य कुठेय?"

सरांनी पाहिलं. पट्टीच्या काठापासून शून्याच्या रेघेपर्यंत प्लास्टिक कोरं होतं. त्यावर एक रेघ नव्हती, एक आकडा नव्हता. पट्टी उभी धरली की तेवढं अंतर गुपचूप मापातून गळत होतं. पाच मिलिमीटर!

गाडी शुक्रवारी सकाळी अगदी बरोबर होती. ती पंधरावरच होती. सरांनीच तिला विसावर नेऊन उपाशी मारलं होतं, म्हणून चढावर पेट्रोल पुरत नव्हतं.

"मला सातवीत तुम्ही ह्याच चुकीसाठी बाकावर उभं केलं होतं," मिस्त्री म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. "शंभर वेळा लिहायला लावलं होतंत, मोजणी शून्यापासून, काठापासून नाही. तेव्हापासून पट्टीची धास्तीच घेतली. दुकानातून माप पक्कं करून आणलं आणि ठोकळाच कापून ठेवला."

"मी गाढव आहे," सर म्हणाले.

"असं नका म्हणू सर. ते तुम्ही मला म्हणायचात."

"काय झालं?" मागून सासरेबुवांनी विचारलं.

"काही नाही बाबा," बायको ओरडून म्हणाली. "शून्य सापडलं!"

गाडी एका दमात टेकडी चढली. साडेबारा झाले होते. अर्धेराव फाटकाशीच काठी टेकून उभे होते, बूट घालून, केस विंचरून. दोघे मित्र मागच्या सीटवर शेजारी शेजारी बसले. अर्धेरावांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "आवाज तोच आहे रे." सासरेबुवांनी त्यांचा हात धरला. सरांनी त्या दोघांना टेकडीवरून तीन चकरा मारून आणल्या. डोळे इतके भरून येत होते की त्यांना दोनदा उगाचच काच पुसावी लागली.

संध्याकाळी सर मिस्त्रीच्या दुकानात गेले. "तुला काय देऊ सांग."

मिस्त्री नट घासता घासता हसला. "काही नको सर. शंभर वेळा लिहून आणा."

सर घरी आले, नवी वही काढली, समास आखला आणि खाली मान घालून लिहायला बसले. बायकोने दिवा लावून दिला, चहा आणून ठेवला. तासाभराने त्यांनी पेन खाली टाकलं, बोटं मोडली आणि जुन्या रुबाबात वही तिच्यापुढे सरकवली.

"घे! पूर्ण शंभर! माझ्या मोजण्यात चूक निघणार नाही!"

तिने चष्मा लावला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत शेवटपर्यंत मोजल्या.

पंच्याण्णव होत्या.