मोघेकाकांचं पाच किलोचं बाळ

जर्मनीतल्या आमच्या नेकारसुल्ममध्ये रविवारी सकाळी नदीकाठी एक गृहस्थ बासमती तांदूळ फिरायला नेतात. पाच किलोची पिशवी, बाळाच्या झोळीत घालून पोटाशी बांधलेली, वर लोकरीची कानटोपी. एक हात पिशवीच्या बुडाशी, दुसरा तिच्या पाठीवर. दोन पावलं टाकायची आणि किंचित डुलायचं. हे आमचे मोघेकाका.

एकदा बेकरीच्या रांगेत एका जर्मन आजीबाईंना राहवलं नाही. "आख, व्ही झ्युस!" म्हणजे 'किती गोड गं', असं म्हणत त्यांनी बाळाची टोपी हळूच वर केली. आत लाल अक्षरांत तांदळाचं नाव आणि हत्तीचं चित्र. आजीबाईंनी तितक्याच हळू टोपी पुन्हा खाली ओढली आणि बाळ फार शांत आहे म्हणाल्या. काका म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर! रात्री अजिबात उठत नाही."

काका इथल्या गाडीच्या कारखान्यात सीटच्या विभागात आहेत. सीटवर बसलेला माणूस किती वेळानं चुळबुळ करतो, त्याला कुठे रुततं, कुठे अवघडतं, हे तपासण्यात त्यांचा जन्म गेला. घरी मात्र ते बागेतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात, कारण सोफा अजून निवडून व्हायचाय. "घाई कशाला? सोफा काय पळून जातोय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घराच्या वेळीही "घर काय पळून जातंय?" म्हणत राहिले, आणि ते घर दुसऱ्यानं घेतलं. त्यांच्या आईला एकदा जर्मनी बघायची होती. मे बरा की सप्टेंबर, कुठली थंडी तिला सोसवेल, मधे विमान बदलावं लागलं तर काय, असा काका विचार करत राहिले. आई तेवढी थांबली नाही. हे मला काकूंनी सांगितलं. काका स्वतः त्याबद्दल बोलत नाहीत.

जर्मन लोक ज्याला ट्रागं म्हणतात आणि आपण कॅरियर म्हणतो, त्याला काका सरसकट झोळी म्हणतात. इथे प्रत्येक बिऱ्हाडाला तळघरात एक खोली असते, केलर. लोकांच्या केलरमध्ये सायकली आणि जुने टायर असतात. काकांच्या केलरमध्ये दांडीवर झोळ्या टांगलेल्या आहेत. लांबच लांब कापडाच्या, खांद्यावर कडी असलेल्या, बकलवाल्या, कमरेला पट्टा असलेल्या. गावातल्या कुठल्याही मराठी घरातलं मूल चालायला लागलं की त्याची झोळी काकांकडे येते, आणि नवं बाळ झालं की इथूनच जाते. मधल्या काळात काका ती तांदूळ घालून तपासतात. तांदूळच का, असं मी एकदा विचारलं.

"अरे, वजन बरोबर, आकार बरोबर, आणि धरला की बाळासारखा अंगावर ओघळतो," काका म्हणाले. मग जरा ओशाळून, "शिवाय रिकामी झोळी हलवू नये. आई म्हणायची."

आमची इरा झाली आणि आम्ही काकांच्या तावडीत सापडलो. इरा कडेवर, खांद्यावर, छातीवर झोपायची, पण गादीला पाठ लागली रे लागली की भोकांड. गादीखाली कोणीतरी काटे पेरलेत असं वाटावं. घरी येणारी सुईण म्हणाली, बाळाला अंगावर बांधा. सांगलीहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "जावईबापू, छताला दोन हूक ठोका आणि लुगड्याची झोळी बांधा." इथे भिंतीला खिळा मारायचा तर घरमालकाचा चेहरा आठवतो, छताला हूक कुठून ठोकणार? इराला दिवसभर उचलून उचलून मृण्मयीचं, माझ्या बायकोचं, मनगट सुजलं. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि उचलणं बंद करा म्हणाले. हे त्यांनी इराला सांगायला हवं होतं.

मी काकांना फोन केला. "काका, कुठलीही एक झोळी द्या."

"कुठलीही?" काका असे दचकले, जणू मी कुठलंही एक बाळ द्या म्हणालो होतो.

त्यानंतर दर रविवारी दुपारी आमची काकांकडे हजेरी सुरू झाली. काकांच्या कसोट्या कडक. बाळाचं नाक मोकळं हवं. हनुवटी छातीला टेकायला नको. गुडघे बुडापेक्षा वर हवेत. बकल लावताना 'कट्' वाजलं की झोळी बाद, कारण झोपलेलं बाळ काढताना तेच वाजणार. वेलक्रोचं तर नाव काढायचं नाही. आणि शेवटची कसोटी, बाळाची टाळू आपल्या ओठांपर्यंत पोचली पाहिजे. ती काका आमच्यासमोर करून दाखवायचे. मान खाली घालून तांदळाच्या पिशवीचा मुका घ्यायचे आणि गंभीरपणे म्हणायचे, "हो, पोचतंय."

"मेला तांदूळ नशीबवान," काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या.

पण एकही झोळी पूर्ण पास व्हायची नाही. एकीची शिवण संशयास्पद, दुसरीत मान झुकते, तिसरी उन्हाळ्यात गरम होईल. उन्हाळा अजून लांब होता. तेवढ्यात इरा वाढायची, मग मागच्या रविवारची मापं शिळी. कंटाळून आम्ही दुकानातून एक नवीकोरी झोळी आणली. काकांनी ती कानाशी धरली, बकल लावलं, काढलं, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी दुसऱ्याच दिवशी ती परत करून आलो. मृण्मयी त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबर होतं, पण काकांचं मन मोडवत नव्हतं.

आणि मग तो रविवार आला. काकूंनी साबुदाण्याची खिचडी केली होती. मृण्मयीच्या एका हाताला आधीपासून पट्टा होता, आता दुसऱ्यालाही आला होता. इरा माझ्या खांद्यावर पेंगत होती आणि मी बसलो की रडत होती, म्हणून मी उभ्यानंच खिचडी खात होतो. काका पोटाशी तांदूळ बांधून खोलीत फेऱ्या मारत होते. थांबले, खांद्याचा पट्टा चाचपला आणि मान हलवली.

"आल्झो, तर मग हीच जवळजवळ नक्की. पण पट्ट्याची ही शिवण मला अजून एक आठवडा बघू दे."

मृण्मयीच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, माझ्याच्यानं आता खरंच होत नाही हो," ती म्हणाली.

"अगं, मला कळतं. पण घाई कशाला? बाळ काय पळून जातंय?"

काकूंनी हातातली पातेली खाली ठेवली. "पळतं हो," त्या म्हणाल्या. "आपलं नाही का पळालं?"

काकू आमच्याकडे वळल्या. त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता, आणि म्हणूनच ऐकवत नव्हतं.

"आमची रेवा अशीच होती. खाली ठेवली की रडायची. हे म्हणाले, मी झोळी बघतो. सगळी दुकानं पालथी घातली, हायलब्रॉनला गेले, श्टुटगार्टला गेले. कारखान्यातून आले की तेच. मी आपली तिला घेऊन या खोलीत येरझारा घालतेय. शेवटी एक आणली. फार सुंदर होती हो, शंकाच नाही. ह्यांनी बेल वाजवली, आणि दार उघडायला कोण गेलं? रेवा. स्वतःच्या पायांनी. पुढे त्या झोळीत बसायला कधी तयारच झाली नाही."

मी आजवर समजत होतो की केलरमधल्या त्या सगळ्या झोळ्यांची सुरुवात काकांच्या स्वतःच्या लेकीपासून झाली असणार. तशी ती झालीही होती, फक्त ती पहिली झोळी रिकामीच राहिली होती. मला काकांकडे बघवेना. इतके रविवार ज्या माणसाला आम्ही मनातल्या मनात हसत होतो, तो पोटाशी काय बांधून फिरत होता ते आत्ता कळत होतं, आणि फार वाईट वाटत होतं.

काकांनी झोळीतून तांदळाची पिशवी काढली, खुर्चीवर ठेवली आणि कलंडू नये म्हणून तिला उशी लावली. मग माझ्यासमोर येऊन दोन्ही हात पुढे केले.

"दे."

"काका, शिवण?"

"दे रे."

मी इराला त्यांच्याकडे दिलं. त्यांच्या बोटांना सगळं पाठ होतं. गुडघे वर, पाठ गोल, नाक मोकळं. बकल चक्क 'कट्' वाजलं, काकांनी तिकडे लक्षच दिलं नाही. इरानं एकदा तोंड वेडंवाकडं केलं. काकांनी दोन पावलं टाकली आणि किंचित डुलले. पुन्हा दोन पावलं. खिडकीपर्यंत जाऊन परत येईतो इराची मान त्यांच्या छातीवर विसावली होती. मृण्मयी बसल्या जागी भिंतीला टेकली आणि तिचाही डोळा लागला.

काका बसले नाहीत. बसा म्हटलं तरी नाही. तेवढ्यात रेवाचा फोन आला. ती हाम्बुर्गला नोकरी करते आणि रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल करते. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र जर्मन. काकूंनी फोन काकांच्या दिशेनं धरला. वडिलांच्या पोटाशी खरंखुरं बाळ बघून ती आधी खळखळून हसली आणि मग तिनं विचारलं, पापा, मलाही असंच बांधून घ्यायचास का रे?

"घ्यायचे तर!" काकू पटकन म्हणाल्या. "खाली म्हणून ठेवायचे नाहीत तुला."

काकांनी हळूच मान हलवली. "नाही गं," ते अगदी दबक्या आवाजात म्हणाले. "मी तेव्हा निवडत होतो."

रेवाला तो विनोद वाटला. "टिपिश पापा!" म्हणजे 'पापाचं हे नेहमीचंच', असं ती म्हणाली, थोडं इकडचं तिकडचं बोलली आणि फोन ठेवला. काकू पातेली घेऊन आत गेल्या. आत नळ बराच वेळ वाहत होता.

संध्याकाळ व्हायला आली. मृण्मयी उठली, मी इराची पिशवी आवरली, बूट घातले. काका अजून खिडकीशी डुलत होते. टाळू त्यांच्या ओठांपर्यंत बरोबर पोचत होती.

"निखिल," ते मागे न वळता म्हणाले, "आत्ताच गाढ झोप लागलीय रे तिला. जरा राहू दे?"

मी जवळ जाऊन बघितलं. इरा केव्हाचीच जागी झाली होती. डोळे टक्क उघडे ठेवून काकांच्या शर्टाचं बटण बघत होती.

"राहू दे, काका," मी म्हणालो आणि पायातले बूट पुन्हा काढले.