साक्षीदार क्रमांक सात

बाइंडरने आयुष्यात पहिल्यांदा एक पुस्तक वाचायचं ठरवलं, आणि तिथेच सगळं बिनसलं.

पुस्तकांशी त्याचं वाकडं होतं असं नाही. एकतीस वर्षं तो वाचनालयाची पुस्तकं बांधत होता. सुटलेली, फाटलेली, कुणी चहा सांडलेली, कुणी उशीखाली दाबून कणा मोडलेली. हजारो पुस्तकं हाताखालून गेली, वाचलं मात्र एकही नाही. "न्हाव्याने गिऱ्हाइकाचे केस बघावेत, डोक्यात काय चाललंय ते बघू नये," असं तो म्हणे आणि स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन मान डोलवे. (अशी वाक्यं करणाऱ्या पुरुषांचं निम्मं काम सहसा एखादी बाई करत असते.)

वाचायचं काम बायकोकडे होतं. शाळेने तिला चौथीतच निरोप दिला होता. पुढचं सगळं ती टेबलावरच्या सुट्या फॉर्म्यांवर शिकली. फॉर्मा म्हणजे मोठा छापील कागद दुमडून केलेली सोळा पानांची जुडी. अशा जुड्या क्रमाने रचून शिवल्या की पुस्तक होतं. रचणं तिचं, शिवणं त्याचं. पण रचता रचता ती वाचत बसायची. खून, प्रेम, ग्रहतारे, मूळव्याधीवरचे उपाय, जे समोर येईल ते.

"अगं, हात चालव, डोळे कशाला चालवतेस?" तो ओरडायचा. एकतीस वर्षं ओरडला. तिने एकतीस वर्षं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तर त्या आठवड्यात बायको चार दिवसांसाठी बहिणीकडे गेली होती, बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून. आणि मंगळवारी ग्रंथपालबाई दारात उभ्या.

"काका, जरा वाईट बातमी आहे. मशीनवाला नमुना देऊन गेलाय. गोंद लावला, दाबलं, तीन मिनिटांत पुस्तक तयार. सर म्हणतात, आता हाताचं बाइंडिंग हवंय कशाला? शनिवारी समितीची बैठक आहे. त्यात ठरेल."

सर म्हणजे समितीचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी 'कशाला' म्हटलं की ती गोष्ट बहुतेक बंदच पडायची. बाइंडरच्या हातातली सुई हवेतच राहिली. वाचनालयाचं काम गेलं तर मागे उरणार काय? कॉलेजातल्या पोरांच्या प्रकल्पवह्या.

"माझी एक फॉर्म्याची चूक दाखवा. एकतीस वर्षांत एक!" तो म्हणाला.

"तेच तर मी सांगणार आहे. पण अभिप्रायाच्या वहीत कुणी चार ओळी लिहिल्या ना, तर जोर येईल. तुम्ही मानद सभासद आहातच. एखादं पुस्तक वाचा की, आणि तुम्हीच लिहा!"

टेबलावर त्या दिवशी दोन पुस्तकं सुटी करून ठेवलेली होती. एक खटल्याचं. एका घरमालकिणीने चार भाडेकरू कसे नाहीसे केले त्याची सत्यकथा. वेष्टनावर लाल अक्षरांत छापलेलं, 'यातील प्रत्येक शब्द न्यायालयाच्या कागदपत्रांतून'. दुसरी आठवी-नववीच्या मुली नंबर लावून नेतात ती कादंबरी. वेष्टनावर एक जिना आणि वर अंधार. दोन्ही पुस्तकं एकाच छापखान्यातली. तोच आकार, तोच टाइप, कागदाचा तोच पिवळेपणा. बाइंडरने फॉर्म्यांच्या तळाचे आकडे बघितले. एक, दोन, तीन, चार. एक गठ्ठा इकडे, एक गठ्ठा तिकडे. शिवले, ठोकले, दाबाखाली घातले. बुधवारी दुपारी दोन्ही पुस्तकं कोरी करकरीत होऊन बाहेर आली.

त्याने खटल्याचं उचललं. (मुलींचं वाचायला तो काय मुलगी होता?)

दुपारचे अडीच वाजले होते. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. बाइंडर कटिंग मशीनच्या शेजारच्या स्टुलावर बसला आणि बोट ठेवून वाचू लागला. घरमालकीण शांत स्वभावाची होती. दर रविवारी खोल्या झाडायची. पोलिसांना तिच्या कपाटात चष्मे सापडले चार, कंगवे तीन, आणि डाव्या पायाचेच जोडे. उजवे कुठेच नाहीत. हे वाचून बाइंडरने पाय स्टुलाच्या दांडीवर घेतले. उगीच.

अठ्ठेचाळिसाव्या पानाच्या शेवटी लिहिलं होतं, 'यानंतर साक्षीदार क्रमांक सात यांना बोलावण्यात आले.'

त्याने पान उलटलं.

'मी मेले आहे हे मला गुरुवारी कळलं. तोपर्यंत मला वाटत होतं की सगळे माझ्याशी अबोला धरून आहेत.'

बाइंडरने वेष्टन पुन्हा बघितलं. प्रत्येक शब्द न्यायालयाच्या कागदपत्रांतून. म्हणजे कोर्टाने मेलेल्या मुलीची साक्ष नोंदवून घेतली होती! आणि एकाही वकिलाने हूं की चूं केलं नव्हतं.

'मी माळ्यावर असते. इथे कुणी येत नाही. खाली एक माणूस दिवसभर ठोकत असतो. ठक, ठक, ठक. मी मोजते. तो वर बघत नाही. वर बघणाऱ्याला मी दिसते, म्हणून मी वाट बघते.'

बाइंडरने वर बघितलं नाही.

त्याच्या डोक्यावरच माळा होता. माळ्यावर कागदाच्या कात्रणांची पोती होती, आणि वाळत घातलेले पुठ्ठे. पुठ्ठे वाळताना तडतडतात हे त्याला एकतीस वर्षं माहीत होतं. आता माळ्यावर काहीतरी तडतडलं, आणि माहीत असून त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. मग खसखस झाली. मग काहीच झालं नाही, ते जास्त वाईट होतं.

पुस्तक मिटावं म्हटलं तर ती लिहीत होती, 'मधेच वाचणं थांबवणाऱ्यांचा मला राग येत नाही. मी त्यांच्याजवळ जाऊन बसते, आणि ते परत सुरू करेपर्यंत उठत नाही.'

तो वाचत राहिला. घशाला कोरड पडली, पण पाण्याचा माठ आतल्या खोलीत होता आणि आतल्या खोलीत जायचं म्हणजे माळ्याच्या तोंडाखालून जायचं. चौसष्टाव्या पानावर ती म्हणाली, 'आता मी खाली येते आहे. घाबरू नकोस. मला फक्त तुझ्या'

पान संपलं. त्याने घाईने उलटलं.

'ही हरकत फेटाळण्यात आली. पुढील सुनावणी सोमवारी.'

फक्त तुझ्या काय? पुढची दीडशे पानं त्याने एका दमात चाळली. घरमालकिणीला जन्मठेप झाली, भाडेकरूंचे उजवे जोडे विहिरीत सापडले, पण साक्षीदार क्रमांक सात परत आली नाही. कोर्टाने तिला वाक्याच्या मध्येच उठवलं होतं. आणि उठवलेली मुलगी जाणार कुठे?

तुझ्या काय? तुझ्या डोळ्यांत बघायचंय? तुझ्या जागी बसायचंय? बाइंडरने चष्मा काढून खिशात घातला. मग चपला पायांत घातल्या, दोन्ही. मग त्याला दिसलं की घडी दाबायची हाडाची पट्टी टेबलावर नाही. आत्ता तर इथे होती! त्याने टेबलाखाली बघितलं, दाबाखाली बघितलं. वर सोडून सगळीकडे बघितलं. शेवटी डोकं खाजवायला हात नेला तेव्हा ती कानामागे सापडली. पण ती तिथे आपणच ठेवली असं शपथेवर सांगायला तो तयार नव्हता.

त्याने बायकोला फोन लावला.

"अगं, आपल्या माळ्यावर काय आहे?"

"कात्रणं. का हो?"

"आणखी?"

"आणखी काय असणार? जेवलात का तुम्ही?"

"ती गुरुवारी मेली."

"कोण?" बायकोचा आवाज बदलला. "ताईच्या शेजारची?"

"नाही गं. साक्षीदार क्रमांक सात."

फोनवर थोडा वेळ बहिणीच्या घरचा नळ ऐकू आला.

"उद्या निघते मी," बायको म्हणाली.

"उद्या नको! उद्या गुरुवार आहे!"

गुरुवारी सकाळी दोन्ही पुस्तकं घेऊन तो वाचनालयात पोचला तेव्हा कुलूपसुद्धा उघडलं नव्हतं. रात्र त्याने घराच्या दाराबाहेरच्या पायरीवर, भिंतीला पाठ लावून काढली होती. ग्रंथपालबाईंनी वही पुढे केली आणि बाइंडरने आयुष्यातला पहिला अभिप्राय लिहिला. दीड पान.

'खटल्याचे पुस्तक शब्दन् शब्द वाचले. पान ४९ ते ६४ दोनदा वाचले. मृत मुलीची साक्ष ऐकून घेणाऱ्या न्यायालयास माझा नमस्कार. मात्र तिला वाक्य पूर्ण करू दिले नाही हे योग्य झाले नाही. तिचे म्हणणे काय होते याचा समितीने पत्र पाठवून शोध घ्यावा. बांधणी उत्तम, एकही पान इकडचे तिकडे नाही.' खाली सही, आणि सहीखाली 'बाइंडर'.

"वा, काका! मनापासून लिहिलंत," ग्रंथपालबाई न वाचताच म्हणाल्या. आणि त्याच सकाळी खटल्याचं पुस्तक अध्यक्ष सर घेऊन गेले, मुलींचं नववीतली एक मुलगी.

संध्याकाळी बायको आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने नवऱ्याच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. मग तिने सगळं ऐकून घेतलं. मधेच हसली नाही. (यासाठी पुढे तो तिला फार दिवस मानत होता.)

"कुठल्या पानावर आली म्हणता ती?"

"एकोणपन्नास. चौसष्टाला गेली."

"सोळा पानं. म्हणजे चौथा फॉर्मा. आणि टेबलावर दुसरं कुठलं पुस्तक होतं?"

"मुलींचं. ते जिन्याचं." बाइंडर म्हणाला, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"त्याचा चौथा फॉर्मा याच्यात शिवलात. याचा त्याच्यात. रचताना वाचलं नाहीत?"

"मी कधी वाचतो? आकडे बरोबर होते!"

"दोन्हींचे आकडे बरोबरच असणार. चार म्हणजे चारच. कुठल्या पुस्तकातला चार, ते वाचल्याशिवाय कसं कळेल? एकतीस वर्षं मी टेबलाशी बसून काय करत होते असं वाटलं तुम्हाला?"

"मला वाटलं, तू वेळ घालवतेस."

बायकोने पदर खोचला. शिडी लावून माळ्यावर गेली, पोती हलवून बघितली, खाली आली.

"कात्रणं," ती म्हणाली.

"मग ती काय मागत होती? फक्त तुझ्या काय?"

"फक्त तुझ्या वहीतून भूगोलाचा गृहपाठ उतरवून घ्यायचाय. शाळकरी पोर आहे हो ती. आणखी काय मागणार?"

बाइंडरला हायसं वाटलं. मग एक आठवलं.

"आणि खाली ठोकणारा माणूस?"

"कुठला?"

"ठक, ठक, ठक. तो वर बघत नाही, ती मोजते."

बायकोने कपाळाला आठ्या घातल्या. "असं काही नाही त्यात. मी दोनदा वाचलंय."

माळ्यावर एक पुठ्ठा तडतडला.

शुक्रवारी दोघं वाचनालयात धावत गेली, पण दोन्ही पुस्तकं बाहेर. शनिवारी पाच वाजता बैठक सुरू झाली तेव्हा ती बाहेरच्या बाकावर बसली होती. दार नुसतं लोटलेलं होतं. आत सर वही वाचून दाखवत होते. आधी नववीतल्या मुलीचा अभिप्राय. 'गोष्ट मस्त आहे, पण मधेच सोळा पानं विष आणि पोस्टमार्टेम येतं. ती सोळा पानं दुसऱ्याच पुस्तकातली आहेत. ज्यांनी बांधलं त्यांनी वाचलेलं दिसत नाही.' मग सरांनी घसा साफ केला आणि बाइंडरचं दीड पान वाचलं. सावकाश, मुख्याध्यापक वाचतात तसं, स्वल्पविरामासकट. 'एकही पान इकडचे तिकडे नाही' इथे आत कुणाला तरी ठसका लागला.

"चल घरी," बाइंडर म्हणाला. "संपलं आपलं."

बायको उठली आणि दार ढकलून आत गेली.

"चूक आमची आहे," तिचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "एकतीस वर्षांतली पहिली. कारण या एकतीस वर्षांत मी पहिल्यांदाच चार दिवस घराबाहेर होते. यांना शिवता येतं, सर, यांच्यासारखं कुणालाच येत नाही. वाचते मी. तुमचं मशीन तीन मिनिटांत दाबेल हो पुस्तक, पण ते वाचणार आहे का? मग हेच रोज होईल, आणि सांगायला दर वेळी नववीतली मुलगी मिळायची नाही."

मग सरांचा आवाज आला, "बसा तुम्ही. खुर्ची द्या त्यांना." बाइंडरला कुणी खुर्ची दिली नाही. तो बाकावर होताच.

अर्ध्या तासाने ग्रंथपालबाई कागद घेऊन बाहेर आल्या. "काका, काम राहिलं! फक्त आता काकूंच्या नावावर. फॉर्मे त्या रचणार, तपासून सही त्या करणार. तुम्ही शिवायचं."

बाइंडरने डोळे पुसले. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा हे बरंच बरं होतं.

"आणि हे तुमचं नवीन कार्ड," बाई म्हणाल्या. त्या हसू दाबत होत्या, पण नीट जमत नव्हतं. "सर म्हणाले, तुम्हाला यापुढे सत्यकथा द्यायच्या नाहीत. प्रकृतीला झेपत नाहीत म्हणून. तुमची सभासदी बालविभागात टाकलीय."

कार्ड गुलाबी होतं. कोपऱ्यात ससा. बाइंडरने ते उलटसुलट बघितलं, मग मागे कुणी ऐकत नाही ना याची खात्री करून हळूच विचारलं, "मग ते जिन्याचं पुस्तक, पुन्हा नीट बांधलं की, या कार्डावर मिळेल का? मला एकच गोष्ट बघायची आहे. तो ठोकणारा माणूस त्यात आहे का."

ग्रंथपालबाईंनी रजिस्टर उघडलं आणि बोट खाली खाली नेलं.

"मिळेल की. तुमच्या आधी अकरा मुली आहेत. आणि काका, त्यातल्या दोघींनी वहीतला तुमचा अभिप्राय वाचलाय. त्या म्हणाल्या, काकांनी नंबर लावलाच तर आमच्या शेजारी नको. मुलगी मेलेली आहे हे तुम्ही आधीच सांगून टाकता."