अकरा विरुद्ध सहा

गेल्या शुक्रवारी दुपारी जेद्दाच्या अल अझीझिया भागात आमच्या मराठी मंडळाची बैठक झाली. बॅचलर सभासदांनाही दिवाळी संमेलनाला येऊ द्यावे, हा ठराव अकरा विरुद्ध सहा मतांनी फेटाळला गेला. हा आकडा सबनीसांनी मला गुरुवारीच सांगितला होता. ठराव त्यांचाच होता.

सबनीस इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त तपासतात आणि घरी अमेरिकी संसदेतली पन्नास-साठ वर्षांपूर्वीची मते मोजतात. त्यांच्याकडे एक लाल-निळी पेन्सिल आहे. तिथल्या दोन पक्षांचे रंगही तेच. सभासद निळ्या पक्षाचा असून लाल पक्षाबरोबर गेला, की त्याच्या निळ्या नावाखाली लाल रेघ.

"दक्षिणेतले जुने निळे आणि सगळीकडचे लाल," ते सांगतात. "भाषणात हाडवैर, मतदानात सोयरीक. काही बदलायचं म्हटलं की दोन्हीकडचे सनातनी एका ताटात जेवतात. पक्ष पाटीवर असतो हो, मत पोटात!"

"अहो, पण इथं कुठली आलीय अमेरिका?" मी विचारले.

"इथं डॉक्टरवाले आणि आयटीवाले. मोजून सांगतो, अकरा."

हे दोन गट वर्षभर भांडतात. नाटक की ऑर्केस्ट्रा, यावरून मागच्या वर्षी दोन्ही रद्द झाले. बैठकीत मात्र अध्यक्ष डॉक्टर बापट म्हणाले, "सबनीस, तुमच्यावर रोख नाही हं. पण फॅमिली प्रोग्रॅम आहे, बायका-मुली असतात."

"डॉक्टरसाहेब, शंभर टक्के सहमत," आयटीवाल्यांचे कुलकर्णी म्हणाले. ते बापटांशी सहमत झाल्याची ही पहिलीच नोंद.

"लागली सोयरीक," सबनीस माझ्या कानाशी पुटपुटले.

"खलास, पुढचा विषय," बापट म्हणाले.

इथे बायको-मुले गावी असलेला माणूस बॅचलर. मग तो आजोबा का असेना. सबनीस आजोबा आहेत. वहिनी मार्चमध्ये सासूबाईंना सांभाळायला साताऱ्याला गेल्या, त्या तिकडेच राहिल्या.

मंडळाचे इतिवृत्त मी लिहितो. मला मत नाही. तीन वर्षांपूर्वी हाच ठराव दुसऱ्या कुणी तरी मांडला होता. जुन्या वहीत विरोधात हात वर करणाऱ्यांची नावे आहेत. तिसरे नाव सबनीसांचे. तेव्हा वहिनी इथे होत्या.

संमेलनाचा चिवडा दरवर्षी वहिनी करायच्या. रविवारी सबनीसांनी लॅबमध्ये चिवडा वाटला. इजिप्शियन सहकाऱ्याने दोनदा घेतला. मोठे चार डबे होते. प्रत्येकावर लाल-निळ्या पेन्सिलीने लिहिले होते : दिवाळी संमेलन. खाली चिवडा केल्याची तारीख होती, गुरुवारची.