स्वावलंबी वॉर्ड

नर्सिंग कॉलेजात सामाजिक उद्योजकता हा नवा विषय आला आणि ट्यूटरबाईंच्या गळ्यात पडला. बाई सहा वर्षं कंत्राटावर होत्या, आणि कंत्राटावरच्या माणसाला नाही म्हणायची सोय नसते. शिवाय प्रिन्सिपलबाईंनी गाजर दाखवलं होतं: उपक्रम गाजला, तर यंदा कायम. बाईंनी माहितीपुस्तिका एका रविवारात दोनदा वाचून काढली आणि घरी जाहीर केलं, "यात काय विशेष? लोकांची अडचण शोधायची आणि कमी खर्चात सोडवायची. मी जन्मभर हेच करतेय."

"मग गिझरकडे बघ जरा," नवरा म्हणाला.

अडचण कॉलेजच्याच हॉस्पिटलातल्या वॉर्डात सापडली. दर दोन तासांनी रुग्णांची कूस बदलायला सिस्टर पुरत नव्हत्या आणि नातेवाईक बाकांवर बसून जांभया देत होते. बाईंच्या विद्यार्थिनींनी त्यांनाच शिकवायला घेतलं. कूस बदलणं, पाठ पुसणं, रुग्णाला न उठवता चादर घालणं. आधी करून दाखवायचं, मग करवून घ्यायचं, शेवटी तोंडी परीक्षा. पास होणाऱ्याला हिरवा बिल्ला.

त्या बिल्ल्याने घात केला. चार नंबरचे आजोबा बरे होऊन घरी निघाले, तर त्यांची सून जागची हलेना. "माझा तापाच्या नोंदींचा भाग राहिलाय," ती म्हणाली. आजोबा एकटेच घरी गेले. नऊ नंबरचा जावई तोंडी परीक्षेत नापास झाला आणि त्याने रीतसर फेरतपासणीचा अर्ज दिला. सात नंबरच्या मावशींनी तर डॉक्टरांनाच दारात अडवलं. "हात धुतलेत का?" डॉक्टर मुकाट्याने बेसिनकडे वळले. आता बाकांवर विद्यार्थिनी बसू लागल्या.

"बाई, आम्ही काय करायचं?" एकीने विचारलं.

"देखरेख," बाई म्हणाल्या. त्यांना डोळ्यांपुढे कायमची ऑर्डर दिसत होती.

संस्थेचे अध्यक्ष पाहणीला आले आणि भारावून गेले. एकाही पाठीवर जखम नाही, एकही चादर मळकी नाही.

"या सगळ्याला सिस्टर किती लागतात?"

प्रिन्सिपलबाई मागून खोकल्या. बाईंना तो खोकला कळला नाही, की कळूनही राहवलं नाही, देव जाणे.

"एकही नाही, साहेब!"

आठवड्याच्या आत सिस्टरांची भरती रद्द झाली आणि पुढच्या वर्षीच्या प्रवेशाच्या जागा निम्म्या झाल्या. त्या भरतीवर आस लावून बसलेल्या शेवटच्या वर्षाच्या मुली बाईंना पाहून दुसऱ्या जिन्याने जाऊ लागल्या. बाईंना अध्यक्षांचं बोलावणं आलं.

"उत्कृष्ट सामाजिक उद्योजिका," साहेबांनी मानपत्र मोठ्याने वाचलं. "अभिनंदन."

"आभारी आहे. साहेब, ते माझं कायम होण्याचं..."

"मुलीच निम्म्या झाल्या, तर इतके ट्यूटर कशाला? कंत्राट संपेपर्यंत आहातच तुम्ही." साहेब प्रेमाने हसले. "आणि अहो बाई, उद्योजक कधी नोकरी मागतो का?"

बाहेर आल्या तेव्हा बाई रडायच्या बेतात होत्या. पण नेमकी शेवटच्या वर्षाची एक मुलगी समोर उभी.

"मिळाली ऑर्डर?"

बाईंनी मानपत्र पुढे केलं. मुलीने ते शेवटच्या सहीपर्यंत वाचलं.

"झेरॉक्स काढून ठेवा, बाई," ती म्हणाली. "आम्ही उद्या पलीकडच्या हॉस्पिटलात अर्ज द्यायला चाललोय. तिथे सगळं जोडावं लागतं."