शंभर वर्षांची पिवळी ताटली

माणूस असो वा भांडं, पालथं करून पाहिल्याशिवाय मी मत देत नाही. आणि एकदा दिलं की बदलत नाही!

म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइममध्ये आम्ही तिघं दोन खोल्यांत राहायचो: मी, अरुंधती आणि मराठी समजूनही जर्मनमध्ये उत्तर देणारी आमची मैथिली. वरची तीन खोल्यांची जागा रिकामी होणार होती. म्युनिकच्या भाड्यांनी गांजलेली निम्मी एस-बान लोकल तिच्यावर डोळा ठेवून होती! मालकीणबाई फ्राऊ लेशनर तळमजल्यावर राहायच्या. गोड बाई, नोटरी असतो तितपत गोड. पण त्यांची दुखरी नस मी हेरली होती: मोरोक्कोहून आणलेल्या शोभेच्या ताटल्या. मी लायब्ररीतून मोरोक्कन मातीकामावरचं जाडजूड पुस्तक आणलं, त्यातली चित्रं सगळी पाहिली आणि जिन्यात सहज बोलून गेलो, "फेझ शहराची निळाई मी लांबूनसुद्धा ओळखतो."

"आख सो? मग शनिवारी या," बाई म्हणाल्या. "जुनं काय नि बाजारू काय, सांगा."

शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. सोबत अरुंधती आणि मोबाइलमध्ये डोकं घातलेली मैथिली. एकेक ताटली उचलायची, पालथी करायची, टिचकी मारायची, "हं" म्हणायचं. मुलगी बघायला आलेल्या आत्याबाईंनीही इतका वेळ लावला नसता! शेवटी फडताळाच्या मागून एक जोडी निघाली. निळी वेलबुट्टी, मधोमध, भट्टीत ताटल्या ज्यावर ठेवतात त्या तिकाटण्याचे तीन ठिपके. एक पांढरीफटक. दुसरीच्या झिलईतल्या बारीक तड्यांत मात्र सोनेरी-पिवळं जाळं!

"ही पांढरी बाजारू," मी निकाल दिला. "आणि ही? शंभर वर्षं! हा पिवळेपणा फक्त काळच देऊ शकतो."

"पण दोन्ही मी एकाच दुकानातून घेतल्यात."

"दुकानदाराला कळलं नसेल."

"अहो," चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून अरुंधती मराठीत म्हणाली, "तो काळ नाही. आपली बटाट्याची भाजी आहे."

"काय?"

"नाताळात त्यांनी यातून केक दिला नव्हता का? रिकामी ताटली कशी परत करायची? लाडवांना मुहूर्त लागेपर्यंत भाजी त्यातच काढत होते. हळद काही निघाली नाही."

"काय म्हणतायत त्या?" बाईंनी विचारलं.

"हिचंही हेच मत आहे," मी म्हणालो.

बाई हरखल्या. ओळखीच्या एका संग्राहकाला फोन करून त्यांनी पुढच्या रविवारचं कॉफीचं आमंत्रणही देऊन टाकलं. ताटलीला मानाची जागा मिळाली: दक्षिणेची खिडकी. आणि बव्हेरियानं वर्षभराचं शिलकी ऊन नेमकं त्याच आठवड्यात खर्च केलं!

शुक्रवारी दारावरची घंटा वाजली. बाईंच्या हातात ताटली. उन्हानं पांढरीफटक, धुतलेल्या तांदळासारखी.

"हेर बापट, तुमची शंभर वर्षं उडाली."

"आल्झो, मोरोक्कन रंगांचं असं असतं की..."

"दास वार डोख कुर्कुमा, पापा!" मैथिली मागून किंचाळली. हळदच होती ती म्हणे! आईचं मराठी या पोरीला नेमकं त्याच दिवशी ऐकू यायचं होतं.

मी मनातल्या मनात तीन खोल्यांतून सामान उतरवून परत दोन खोल्यांत लावलं.

"फ्राऊ बापट आहेत का घरात?" बाईंनी विचारलं आणि मला ओलांडून थेट स्वयंपाकघरात गेल्या. आतून आवाज आला, "अहो, मी त्या संग्राहकांना शंभर वर्षं सांगून बसलेय! विकायची नाहीये, नुसती मिरवायची आहे. पुन्हा पिवळी होईल का?"

"होईल की. तेल गरम करून हळद घालते, दोन रात्री ठेवू," अरुंधती म्हणाली. "आणि वरच्या जागेचं काय ठरलं?"

"ती तुमचीच. करारावर नाव मात्र तुमचं एकटीचं घालणार."

"आणखी एक ताटली आहे ना जोडीतली?"

"गेनाऊ! अगदी बरोबर! तीही आणते."

रविवारी संग्राहक आले. दोन्ही ताटल्या पालथ्या केल्या, टिचकी मारली, "हं" म्हणाले. "शंभर? छे! किमान दीडशे."

माणूस खरा जाणकार! मी मान डोलावली. बोलायचं नाही, अशी करारावर ज्यांचं नाव आहे त्यांची सक्त ताकीद होती.