नकाशाविना भूगोल

शिंपीकाम करणाऱ्या एका कैद्याने तुरुंगातून पदवीचा अभ्यास करण्यासाठी रीतसर अर्ज केला. विषय भूगोल. त्याची मुलगी त्याच वर्षी कॉलेजात जाणार होती. दोघांनी मिळून अभ्यास करायचा, असं भेटीच्या दिवशी जाळीआडून ठरलं होतं.

अधीक्षक शिक्षणाचे कट्टर पुरस्कर्ते होते. त्यांनी अर्ज तत्काळ मंजूर केला आणि पुस्तकं सुरक्षा तपासणीला पाठवली. चार महिन्यांनी ती परत आली, तेव्हा त्यांतले सगळे नकाशे कापलेले होते. शिंप्याने अदबीने कारण विचारलं.

"नकाशात रस्ते असतात," अधीक्षक म्हणाले, "आणि रस्ते बाहेर जातात."

बापाची अडचण कळल्यावर मुलगी पत्रांतून नकाशे शब्दांत लिहून पाठवू लागली. नदी उत्तरेकडून येते, डोंगराला वळसा घालते, पुढे तिला दोन फाटे फुटतात. पत्रं तपासणाऱ्या कारकुनाने ती बाजूला काढली. हा पळून जाण्याचा बेत असावा, असा अहवाल त्याने दिला. मग खातरजमेसाठी त्यालाच अख्खी पुस्तकं वाचावी लागली. वाचता वाचता तीन वर्षं गेली, तेव्हा त्यानेही परीक्षेचा फॉर्म भरून टाकला.

परीक्षेत नदीखोऱ्याचा नकाशा काढायला सांगितला होता. कापडावर खडूने रेघ ओढावी तशी शिंप्याने कधी न पाहिलेली नदी एका दमात काढली. कैद्याने नकाशा बाळगल्याबद्दल उत्तरपत्रिका जप्त झाली आणि चौकशी बसली. नकाशा तंतोतंत बरोबर निघाल्याने संशय आणखी बळावला. विद्यापीठाने मात्र जप्त उत्तरपत्रिका मागवून घेऊन शिंप्याला पहिला वर्ग दिला. कारकून नापास झाला आणि त्याला तपासणी विभागाचा प्रमुख नेमण्यात आलं.

सुटल्यावर शिंपी एका शाळेत मुलाखतीला गेला. मुख्याध्यापिकांनी गुणपत्रिका दोनदा वाचली आणि असा शिक्षक शोधून सापडत नाही, असं त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर परीक्षा केंद्राच्या पत्त्यावर गेली.

"बाकी सगळं ठीक आहे," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण तुम्ही केलं काय होतं?"

त्याने खरं ते सांगितलं. कळवू, असं त्यांनी सांगितलं.

बाहेर बाकावर मुलगी बसली होती. "भूगोलातलं काय विचारलं?"

"काहीच नाही," तो म्हणाला.

त्याने काय केलं होतं, ते मी कुठेच लिहिलेलं नाही. आपण मात्र, वाचकहो, पहिल्या ओळीपासून तेवढंच शोधत आला आहात.